जोडणी आहे; पण ती चालू आहे का?

जुलै संपत आला की धाराशिव जिल्ह्यातल्या सेवा केंद्रांसमोर गर्दी वाढते. खरीप पीक विम्याचा अर्ज बहुतेक वर्षी याच महिन्याच्या अखेरीपर्यंत भरायचा असतो. सोयाबीन पेरून झालेला शेतकरी सातबारा, बँकेचे पासबुक आणि आधार कार्ड घेऊन रांगेत उभा राहतो. रांग पुढे सरकत नाही आणि आतून उत्तर येते, ‘नेट नाही’. कळंब असो, लोहारा असो की परंडा, हे उत्तर सगळीकडे सारखेच असते आणि ऐकणाराही ते पावसासारखे निमूटपणे स्वीकारतो. पण या उत्तरामागे निदान पाच वेगवेगळे प्रकार दडलेले असू शकतात. संगणकाची केबल निसटलेली असू शकते. राउटरकडून संगणकाला पत्ता मिळालेला नसू शकतो. गावापर्यंत आलेली फायबर तुटलेली असू शकते. नाव आणि पत्ता यांची सांगड घालणारी यंत्रणा बंद असू शकते. किंवा गावात सगळे ठीक असून दूरवरचे संकेतस्थळच भाराखाली दबलेले असू शकते. या प्रत्येकाचा उपाय निराळा, उपाय करणारा माणूस निराळा आणि लागणारा वेळही निराळा. नेमके काय बिघडले आहे हे संगणकाला बऱ्याच अंशी माहीत असते. त्याला ते विचारावे लागते, इतकेच. हे विचारण्याचे साधन प्रत्येक केंद्रात आधीपासून आहे आणि त्याचा वापर ही ग्रामीण सेवेची प्राथमिक शिस्त मानली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

ही शिस्त का हवी, याचे पहिले कारण तांत्रिक नाही, नागरिकाच्या हक्काचे आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. अर्ज दिला की पोच मिळते, तिच्यावर अर्जाचा क्रमांक आणि मुदत असते, आणि मुदत टळली तर अपील करता येते. ही सगळी साखळी अर्ज दाखल झाल्यापासून सुरू होते. ‘नेट नाही’ म्हणून जो खिडकीवरूनच परत गेला, त्याचा अर्ज झालेलाच नसतो. त्याच्यासाठी कायद्याचे घड्याळ सुरूच होत नाही. त्याची बुडालेली मजुरी आणि एसटीचे भाडे यांची नोंद कुठल्याही दफ्तरात होत नाही. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत गेली, विद्यार्थ्याचा प्रवेश हुकला, तरी त्यामागचे कारण कागदावर कधीच येत नाही. ज्या बिघाडाची नोंद नाही त्याची जबाबदारीही कुणावर पडत नाही, आणि ज्याची जबाबदारी कुणावर नाही तो बिघाड वर्षानुवर्षे तसाच राहतो.

दुसरे कारण मोजमापाचे आहे. नीती आयोगाने २०१८ साली आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रातून त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, असे चार जिल्हे होते. या कार्यक्रमात जिल्ह्याची प्रगती ज्या निर्देशकांवर मोजली गेली, त्यांत इंटरनेटने जोडलेल्या ग्रामपंचायतींचे प्रमाण हाही एक निर्देशक होता. तो असणे योग्यच आहे. सहाशेहून अधिक ग्रामपंचायतींच्या आणि बहुसंख्य वस्ती खेड्यांत असलेल्या जिल्ह्यात जोडणी पोचली की नाही, हे मोजायलाच हवे. पण ‘जोडली गेली’ ही एकदाच घडणारी गोष्ट आहे आणि ‘आज सकाळी अकराला चालू होती का’ हा रोज नव्याने विचारायचा प्रश्न आहे. पहिल्याचे उत्तर अहवालात असते, दुसऱ्याचे उत्तर रांगेतल्या माणसाला मिळते. ही दोन उत्तरे एकच आहेत असे धरून चालल्यामुळे शंभर टक्के जोडलेल्या गावातही माणूस रिकाम्या हाताने परत जाऊ शकतो.

नेटवर्कचे अभियंते मात्र या दोन गोष्टींची गल्लत करत नाहीत, आणि त्यांची ही सवय समजून घेण्यासारखी आहे. संगणक जिथे नेटवर्कला भेटतो त्या जागेला इंटरफेस म्हणतात. केबल खोचायचे लॅन कार्ड हा एक इंटरफेस, वायफायचे कार्ड हा दुसरा, आणि मोबाइल यूएसबीने जोडून त्याचे नेट संगणकाला दिले की तिसरा तयार होतो. इंटरनेटच्या तांत्रिक मानकांमध्ये आरएफसी २८६३ नावाचा जून २००० चा एक दस्तऐवज आहे. त्यात प्रत्येक इंटरफेसच्या दोन स्थिती स्वतंत्रपणे नोंदवायला सांगितल्या आहेत. पहिली प्रशासकीय स्थिती, म्हणजे हा इंटरफेस चालू असावा असे माणसाने ठरवले आहे का. दुसरी कार्यकारी स्थिती, म्हणजे तो प्रत्यक्षात चालू आहे का. शेतातल्या मोटारीच्या बाबतीत हा फरक इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. स्टार्टरचे बटण दाबलेले असते, पण लाइट गेलेली असते. बटणाकडे पाहून रानात पाणी चालू आहे असे कुणी म्हणत नाही. मानकात हा फरक दोन स्वतंत्र रकान्यांत लिहायला लावला आहे, कारण इच्छा आणि वास्तव एकाच रकान्यात लिहिले की बिघाड दिसेनासा होतो.

आता हे दोन रकाने प्रत्यक्षात कसे पाहायचे ते पाहू. सेवा केंद्रांतल्या ज्या संगणकांवर विंडोज आहे, त्यांवर कमांड प्रॉम्प्ट नावाची काळी खिडकी उघडून रोमन लिपीत ‘नेटश इंटरफेस शो इंटरफेस’ हा आदेश द्यायचा. उत्तरादाखल चार रकान्यांचा छोटा तक्ता येतो. पहिल्या रकान्यात प्रशासकीय स्थिती असते, ‘एनेबल्ड’ किंवा ‘डिसेबल्ड’. दुसऱ्यात प्रत्यक्ष स्थिती, ‘कनेक्टेड’ किंवा ‘डिसकनेक्टेड’. तिसऱ्यात इंटरफेसचा प्रकार आणि चौथ्यात त्याचे नाव. मानकातला भेद इथे शेजारी-शेजारी मांडलेला दिसतो. ‘एनेबल्ड’ आणि ‘डिसकनेक्टेड’ असे एकत्र आले तर संगणकाची तयारी आहे, पण समोरून कुणी बोलत नाही. अशा वेळी केबल, तिची खोबण आणि राउटरचा वीजपुरवठा तपासायचा. ‘डिसेबल्ड’ दिसले तर कुणीतरी इंटरफेस बंद करून ठेवला आहे. तारेला हात लावायची गरजच नाही. ‘आयपीकॉन्फिग’ हा त्याहून छोटा आदेशही उपयोगी आहे. केबल निसटलेली असेल तर तो त्या इंटरफेसपुढे ‘मीडिया डिसकनेक्टेड’ असे स्वच्छ लिहून देतो.

लिनक्सवर हीच चौकशी ‘आयपी लिंक’ या आदेशाने होते. त्याआधीचा ‘इफकॉन्फिग’ हा आदेश १९८३ च्या बर्कलेच्या युनिक्समधून आलेला आहे आणि जुन्या पुस्तकांत अजून तोच भेटतो. नव्या लिनक्समध्ये बहुतेक ठिकाणी त्याची जागा ‘आयपी’ने घेतली आहे. ‘आयपी लिंक’च्या उत्तरात प्रत्येक इंटरफेसच्या नावापुढे कंसात काही शब्द येतात आणि त्यांतले तीन ओळखता आले की बरेच काम भागते. ‘अप’ म्हणजे इंटरफेस चालू करण्याचा हुकूम दिलेला आहे. ‘लोअर अप’ म्हणजे खालच्या थरावर, प्रत्यक्ष तारेवर, समोरच्या उपकरणाचा संकेत मिळतो आहे. ‘नो-कॅरियर’ म्हणजे हुकूम आहे, पण संकेत नाही. यादीत ‘एलओ’ नावाचा एक इंटरफेस नेहमी दिसतो. तो संगणकाचा स्वतःशी बोलण्याचा आतला मार्ग आहे, त्याचा पत्ता १२७.०.०.१ असतो आणि त्याच्या स्थितीपुढे बहुधा ‘अननोन’ लिहिलेले असते. तो चालू दिसला म्हणून नेट चालू आहे असे समजू नये आणि ‘अननोन’ वाचून घाबरूही नये.

स्थिती म्हणजे केवळ चालू की बंद एवढेच नाही. तार ठीक असूनही संगणकाला पत्ता मिळालेला नसेल, तर ‘आयपीकॉन्फिग’च्या उत्तरात १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसतो. हा पत्ता राउटरने दिलेला नसतो. मागूनही पत्ता मिळाला नाही म्हणून संगणकाने तो स्वतःच घेतलेला असतो, आणि त्यावरून बाहेरच्या जगाशी संपर्क होत नाही. हे सुरुवातीचे आकडे ओळखता आले तर राउटर बंद करून पुन्हा सुरू करणे, हा पहिला उपाय लगेच सुचतो. दुसरी खूण वेगाची. लॅन केबलमध्ये आठ तारांच्या चार जोड्या असतात. सेकंदाला १००० मेगाबिटच्या जोडणीला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. उंदराने केबल कुरतडून एखादी जोडी तुटली तर अनेक कार्डे गुपचूप १०० वर उतरतात. काम चालू राहते, पण मंदावते. विंडोजच्या पॉवरशेलमधला ‘गेट-नेटअ‍ॅडॉप्टर’ आणि लिनक्सवरचा ‘ईथटूल’ हा वेग आकड्यात दाखवतात. तिसरी खूण चुकांच्या मोजणीची. विंडोजवर ‘नेटस्टॅट’ला ‘-ई’ जोडून आणि लिनक्सवर ‘आयपी’ला ‘-एस’ जोडून ‘लिंक’ विचारले, की किती माहिती आली, किती गेली आणि किती तुकडे बिघडले किंवा टाकून द्यावे लागले याचे आकडे मिळतात. बिघडलेल्या तुकड्यांचा आकडा सतत चढत असेल, तर जोडणी चालू असूनही आजारी आहे. हा आजार केवळ डोळ्यांनी दिसत नाही.

यावर पहिला आणि सगळ्यांत वजनदार आक्षेप असा की, इंटरफेस चालू दिसला म्हणजे इंटरनेट चालू आहे असे मुळीच नाही. हे अगदी खरे आहे आणि भारतनेटच्या रचनेत तर ते ठळकपणे दिसते. केंद्र सरकारने २०११ साली राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क म्हणून मंजूर केलेला आणि २०१५ पासून भारतनेट या नावाने ओळखला जाणारा हा प्रकल्प देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडण्यासाठी आहे. त्यात मोठ्या प्रमाणावर जीपॉन हे तंत्र वापरले आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या केंद्रातून फायबर निघते, वाटेत विजेशिवाय चालणाऱ्या विभाजकातून ती अनेक गावांना वाटली जाते, आणि ग्रामपंचायतीत ओएनटी नावाच्या पेटीत येऊन थांबते. संगणकाची केबल या पेटीला किंवा तिच्या पुढच्या राउटरला असते. म्हणजे रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली तरी संगणक आणि पेटी यांच्यातला दोन मीटरचा दुवा धडधाकटच राहतो आणि इंटरफेस ‘कनेक्टेड’ म्हणूनच दिसतो. पण यातून आक्षेप सिद्ध होत नाही, उलट आदेशाचा उपयोग कळतो. इंटरफेस ठीक आहे हे कळणे म्हणजे संगणक, कार्ड आणि केबल हे तीन संशयित एका फटक्यात बाद होणे. मग राउटरच्या पत्त्याला ‘पिंग’ करायचे. उत्तर आले तर राउटरही बाद. मग ओएनटीवरचा ‘लॉस’चा लाल दिवा पाहायचा. तो पेटलेला असेल तर फायबरमधून प्रकाश येत नाही आणि दोष गावाबाहेर आहे. तो विझलेला असेल, बाहेरच्या एखाद्या पत्त्याला उत्तर मिळत असेल आणि फक्त नावाने संकेतस्थळ उघडत नसेल, तर नाव-पत्त्याच्या यंत्रणेकडे वळायचे. काही जाळ्यांवर ‘पिंग’ मुद्दाम अडवलेले असते, त्यामुळे उत्तर न येणे हा एकट्याने पुरावा होत नाही. म्हणून तर पायरीपायरीने जायचे. इंटरफेसची स्थिती ही या जिन्याची पहिली पायरी आहे. ती टाळून वर उडी मारणारा माणूस पायाखालची केबल निसटलेली असताना तालुक्याला फोन लावतो.

दुसरा आक्षेप सोयीचा आहे. पडद्याच्या कोपऱ्यात नेटचे चिन्ह असतेच, मग आदेशांची उठाठेव कशाला? उत्तर असे की ते चिन्ह अनेक पायऱ्यांचा निकाल एका चित्रात गुंडाळून देते. विंडोज इंटरनेट आहे की नाही हे ठरवण्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या एका ठरलेल्या पत्त्यावरून छोटी मजकूर-फाइल मागवून पाहते. ती मिळाली नाही की ‘इंटरनेट नाही’ असे दाखवते. मधल्या कुठल्याही कडीत बिघाड असला तरी चित्र तेच, आणि कधी फक्त ती चाचणी अडली, बाकी काम चालू असले, तरीही चित्र तेच. शिवाय एकाच वेळी दोन इंटरफेस चालू असले की चिन्ह पुरते अपुरे पडते. फायबर तुटली म्हणून चालकाने मोबाइलचे नेट सुरू केले, पण लॅनची केबल तशीच खोचलेली राहिली, तर संगणक जास्त वेगाच्या दिसणाऱ्या लॅनच्याच वाटेने माहिती पाठवत राहू शकतो. मोबाइलमध्ये नेट असूनही मग केंद्र बंदच राहते. इंटरफेसची यादी पाहिली तर दोन्ही ‘कनेक्टेड’ दिसतात आणि केबल काढून ठेवणे हा साधा उपाय ध्यानात येतो. मोबाइल आल्यामुळे हा विषय जुना झाला असे म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर आहे. नेट कुठूनही येवो, संगणकात शिरताना त्याला इंटरफेसमधूनच यावे लागते.

चिन्हापेक्षा आदेश सरस ठरतो याचे सगळ्यांत मोठे कारण मात्र वेगळे आहे. चिन्ह बदलते आणि मागे काही ठेवत नाही. आदेशाचे उत्तर हा मजकूर असतो. आदेशापुढे ‘पेक्षा मोठे’चे चिन्ह आणि फाइलचे नाव टंकले, की तो मजकूर जशाचा तसा फाइलमध्ये उतरतो, चिन्ह दोनदा टंकले की जुना मजकूर न पुसता नवा त्याखाली जोडला जातो. तारीख आणि वेळ त्यासोबत लिहिता येते, आणि विंडोजमधल्या टास्क शेड्युलरकडून हे काम ठरावीक वेळाने आपोआप करून घेता येते. वर म्हटले की नागरिकाच्या परत जाण्याची नोंद कुठेच होत नाही. निदान तो ज्या कारणाने परत गेला त्या कारणाची नोंद तरी या मार्गाने होऊ शकते, आणि तीही एक पैसा खर्च न करता.

तिसरा आक्षेप भाषेचा आणि कौशल्याचा. हे आदेश इंग्रजी, खिडकी काळी, गावातल्या चालकाला हे कसे जमणार? या आक्षेपामागची कळकळ खरी आहे, पण तो ज्यांच्या वतीने घेतला जातो त्यांना तो कमी लेखतो. हेच चालक डझनभर संकेतस्थळांचे इंग्रजी फॉर्म, बायोमेट्रिक यंत्रांचे त्रुटी-संदेश आणि दर काही महिन्यांनी बदलणारे नियम रोज हाताळतात. आदेशांच्या उत्तरात वारंवार येणारे शब्द दहाच्या घरात आहेत आणि ते वर्षानुवर्षे बदललेले नाहीत. या शब्दांचा मराठीतला अर्थ आणि प्रत्येक अर्थापुढची कृती असा एका पानाचा तक्ता संगणकाशेजारच्या भिंतीवर लावता येतो. स्थिती पाहणारे हे आदेश कशातही बदल करत नाहीत, त्यामुळे शिकताना काही बिघडण्याचे भयही नाही. बदल करणारे आदेश वेगळे आहेत आणि त्यांच्या वाटेला न जाताही निदान पूर्ण होते. कौशल्याची खरी अडचण कुवतीची नसून, हे कुणी कधी शिकवलेच नाही, ही आहे.

शेवटचा आक्षेप निराशेतून येतो. कळले तरी काय उपयोग, तुटलेली फायबर चालक थोडाच जोडणार? तो जोडणार नाही आणि त्याने जोडूही नये. पण दुरुस्तीचा बराचसा वेळ दोष कुठे आहे हे शोधण्यात जातो. पश्चिमेला परंडा आणि आग्नेयेला उमरगा अशी दोन टोके असलेल्या या जिल्ह्यात तंत्रज्ञाला एका गावाहून दुसऱ्या गावाला पोचण्यातच दिवस मोडतो. ‘नेट बंद आहे’ एवढीच तक्रार मिळाली तर त्याला पहिली फेरी केवळ पाहण्यासाठी मारावी लागते. ‘संगणकाचा इंटरफेस चालू, राउटर उत्तर देतो, ओएनटीवर लाल दिवा, सकाळी दहा वाजल्यापासून’ अशी तक्रार मिळाली तर तो फायबर जोडण्याचे यंत्र घेऊनच निघू शकतो. आणि एकाच विभाजकावरच्या चार गावांतून एकाच वेळी अशी तक्रार आली, तर दोष कुठल्या टप्प्यावर आहे हे निघण्याआधीच ओळखता येते. उलट, दोष केंद्रातल्याच केबलमध्ये असेल तर तंत्रज्ञाची फेरी वाचते आणि रांगही लगेच हलते. दोष आपल्या बाजूला आहे हे कबूल करायला लावणारे साधनच दुसऱ्या बाजूकडे बोट दाखवण्याचा अधिकार देते.

म्हणून मागणी साधी आहे. सेवा केंद्राच्या चालकाला प्रशिक्षण देताना अर्ज कसा भरायचा यासोबत इंटरफेसची स्थिती कशी वाचायची, याला एक तास द्यावा. प्रत्येक केंद्रात बंद काळाची नोंदवही असावी आणि तिच्यात ‘नेट नाही’ असा शेरा चालू नये. कुठल्या पायरीवर अडले हे लिहिणे बंधनकारक असावे. खिडकीवरून परत पाठवलेल्या नागरिकाला त्या नोंदीचा क्रमांक मिळावा, म्हणजे मुदत हुकली तर दाखवायला त्याच्या हाती काहीतरी असेल. आणि जिल्ह्याच्या आढाव्यात जोडलेल्या ग्रामपंचायतींच्या रकान्याशेजारी दुसरा रकाना असावा, त्या महिन्यात जोडणी प्रत्यक्ष किती तास चालू होती याचा. ठरवलेली स्थिती आणि खरी स्थिती वेगळी लिहिण्याची शहाणीव यंत्रांच्या मानकात पाव शतकापूर्वीच आली आहे. तीच प्रशासनाच्या मानकात आली, तर फायबरवर झालेला खर्च ज्यांच्यासाठी होता त्या माणसांपर्यंत पोचला की नाही हे आपल्याला पहिल्यांदाच आकड्यांत कळेल.